तीन बादल्या पाणी

नळ मी बंद केला. सासूबाईंनी नाही, सासऱ्यांनी म्हणजे नानांनी नाही, मीच. सासूबाईंचा भाजलेला हात माझ्या डाव्या हातात होता आणि माझा उजवा हात आपणहून नळाकडे गेला, तोटी फिरवली, पाणी थांबलं. मिनिट-दीड मिनिट झालं असेल जेमतेम. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. हात बरा झाला. पण त्या तोटीचा स्पर्श माझ्या बोटांतून जात नाही.

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस तोंडावर आलेला आणि तरी येत नसलेला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एकच निरोप, पाणी जपून वापरा. आमच्या ऐरोलीच्या घरात चारचा चहा सासूबाईंचा. बाकी स्वयंपाक कुणीही करो, चारचा चहा त्याच ठेवतात, त्याच जुन्या पातेल्यात. त्या पातेल्याचा काठ एका बाजूला दबलाय, तिथं सांडशी नीट बसत नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. आधी पातेलं पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. त्या ओरडल्या नाहीत. ओठ मिटून 'स्स' करत श्वास तेवढा आत ओढला असेल. मी आत गेले तेव्हा त्या ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या. डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरलेला, अंगठ्याच्या बुडापासून मनगटावरून चार बोटं वरपर्यंत कातडी लालभडक, आणि हिरव्या बांगड्यांना ओली चहापत्ती चिकटलेली. "कपबशी वाचली," त्या म्हणाल्या.

हात सिंकच्या नळाखाली धरायचा एवढं मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? पहिलं पाणी गरमच आलं, गच्चीवरच्या उन्हात तापलेल्या पाइपातलं. ते ओसरलं, मग गार आलं. त्यांचे खांदे जरा सैल झाले. "कमी झाली गं आग," असं त्या म्हणाल्या आणि मी नळ बंद केला. मग ती पिवळी ट्यूब शोधायला लागले. आपल्याकडे प्रत्येक घरात असते ती, फ्रिजच्या दारात नाहीतर औषधांच्या डब्यात, अर्धी वळलेली, टोपण हरवलेली. ट्यूब सापडेना. नाना तोपर्यंत बेसिनवरून टूथपेस्ट घेऊन आले होते. मी एकीकडे नणंदेच्या मुलीला फोन लावला. ती यंदा डॉक्टरकीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, इंटर्नशिप चालू आहे. तिनं आधी काय विचारावं?

"मामी, नळ चालू आहे ना?"

नाही, म्हटलं, आग कमी झाली म्हणाल्या, आता ट्यूब शोधतेय. "ट्यूब राहू दे. पेस्ट लावली असशील तर धुऊन टाक. नळ उघड आधी. २० मिनिटं, घड्याळ लावून. आग थांबली असं आजी म्हणाली तरी २० मिनिटं. बर्फ नको. आणि बांगड्या काढ तिच्या, आत्ता, सूज यायच्या आधी." तिचा आवाज एरवी लाडीक असतो. त्या दिवशी तो वॉर्डातला आवाज होता.

बांगड्या काढ हे सांगायला दोन शब्द लागतात. ज्या बाईच्या हातातून त्या काढायच्या, तिचा नवरा दारात टूथपेस्ट घेऊन उभा आहे आणि ती बाई ७४ वर्षांची आहे. त्यांनी हात मागे घेतला. वेदनेनं घेतला नव्हता इतक्या जोरात घेतला. "हात ओका नको," म्हणाल्या. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांचा उजवा हात बांगड्यांशिवाय पाहिलेला नाही. दवाखान्यात एक्स-रेच्या वेळीही त्यांनी पाटली तेवढी काढू दिली होती. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता आणि वेळही नव्हता, मनगट डोळ्यांदेखत फुगत होतं. मी म्हटलं, "आई, काढून ठेवायच्या नाहीतच. या हातातल्या त्या हातात घालू. ओका नाही राहायचा." त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "अगं, मी आहे ना इथं."

साबण लावला, अंगठा तळव्यात दुमडला आणि पाण्याखालीच एकेक बांगडी सरकवली. पाटली आधी, मग काचेच्या. लाल झालेल्या कातडीवरून काच घासत जाताना त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि मी थांबले की म्हणायच्या, "चालू दे." पाच निघाल्या. सहावी अंगठ्याच्या हाडाशी अडकली आणि कट् झाली. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. फुटली हा शब्द मी बोलणार नव्हते, पण तोंडावर आला असावा. त्या आधी बोलल्या, "वाढली. असू दे." एका शब्दात त्यांनी ते सगळं झाकून टाकलं. आपल्या भाषेनं असे शब्द बायकांसाठी घडवून ठेवलेत, हे मला त्या क्षणी फार आतून कळलं.

मग आम्ही न्हाणीघरात गेलो. सिंकशी २० मिनिटं वाकून उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, नळाखाली बादली लावली, त्यांचा हात धारेखाली धरला आणि मी शेजारी पाटावर बसले. धार फार मोठी नाही, जोरात मारा नको, हात भिजत राहील एवढी. बादली मी विचार करून लावली नव्हती, नळाखाली बादली असतेच म्हणून लावली. पण तिनं काम केलं. पाणी वाया जात नाही असं दिसल्यावर सासूबाई शांत झाल्या. तोवर त्यांची नजर सारखी तोटीकडे जात होती. नाना मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन दारात उभे राहिले आणि मिनिटं सांगू लागले. "चार झाली." "सहा."

अठरा वर्षांत मी त्यांच्या पायाला हात लावला असेल शंभरदा. दसऱ्याला, पाडव्याला, परगावी निघताना. हाताला हात कधी लावला नव्हता. भांडं देताना-घेताना बोटं लागली असतील तेवढीच. आता तो हात माझ्या तळव्यावर होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं. आधी आम्हा दोघींनाही अवघड झालं. मग मी तो हात बघायला लागले. तर्जनीच्या आतल्या बाजूला विळीच्या बारीक काळ्या रेघा, शेकड्यांनी, एकीवर एक. अंगठ्याचं नख मध्ये दुभंगलेलं. आणि मनगटावर, दंडाखाली, जुने डाग. फिकट, काही गोल, काही लांबट. मी एकावर बोट ठेवलं. "हा? हा कुकरचा. शिट्टी पडायच्या आधी उघडला होता, तुझी नणंद पोटात होती." दुसरा होळीच्या पुरणपोळीचा, तव्याच्या कडेचा. तिसरा वातीच्या स्टोव्हचा, नवं बिऱ्हाड केलं तेव्हाचा. चौथा आठवेना. तेव्हा काय लावलं होतं, असं विचारलं तर म्हणाल्या, "काय लावणार? पोळी करपत होती ती काढली आधी."

"सात," नाना म्हणाले. पहिली बादली भरली. मी ती सरकवून दुसरी लावली.

रात्री भाचीचा परत फोन आला, तेव्हा मी तिला विचारलं, हे २० मिनिटांचं एवढं काय आहे. तिनं सांगितलं ते असं. ७० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी एका सेकंदात पार खोलवर भाजू शकतं, ६० अंशांचं पाच सेकंदांत. नुकता उकळलेला चहा याच्या वरच असतो. पण चहा ओघळून गेला म्हणजे भाजणं संपलं असं नाही. आत गेलेली उष्णता कातडीत राहते आणि वरच्या थरातून खाली उतरत जाते. आपण ट्यूब शोधतो तेवढ्या वेळात ती उतरत असते. वाहतं पाणी ती बाहेर ओढतं, म्हणून वर नुसती लाली राहते की खाली फोड, व्रण, डाग, हे त्या वेळात ठरत असतं. बर्फानं उलट कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जिथं रक्त पोचायला हवं तिथंच पोचत नाही. तूप-तेल उष्णता आत कोंडतं. आणि उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही, पहिल्या तीन तासांत कधीही पाणी सुरू केलं तरी उपयोग होतो. आजीची कातडी पातळ झालीय, ती म्हणाली, म्हातारपणी आणि लहानपणी तेवढाच गरम चहा जास्त खोल भाजतो. मी ऐकत होते आणि मोजत होते. नळ बंद करून परत उघडेपर्यंत मध्ये चार मिनिटं तरी गेली होती.

ती चार मिनिटं मी कुठून आणली, हे मला ठाऊक आहे. ती मी चरईतून आणली. ठाण्यातल्या ज्या चाळीत मी वाढले तिथं पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि साडेसहाला जायचं. त्या तासात सगळा मजला जागा असायचा, हंडे, कळशा, पिंप, स्वयंपाकघरातली मोठी पातेली, सगळं भरून ठेवायचं. नळ नुसता वाहताना दिसला तर कुणाचंही पोर असो, कुणीही दटावायचं. नळ बंद करणं आम्हाला शिकवावं लागलं नाही, ते अंगात आलं. डोळा मिटावा तसा हात तोटीकडे जातो. मी आजही दुसऱ्याच्या घरी, हॉटेलात, स्टेशनवर ठिबकणारा नळ घट्ट करून येते आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

त्या चाळीत माझा धाकटा भाऊ भाजला. मी आठ वर्षांची, तो चार. संध्याकाळी खेळून आला, मोरीत आंघोळीसाठी उकळतं पाणी बादलीत ओतलेलं, गार घालायचं राहिलेलं, आणि तो मागे सरकता सरकता त्या बादलीत बसला. त्या दिवसापासून आमच्याकडे आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम चुकलेला नाही. माझ्याही घरात नाही. तेव्हाचा त्याचा आवाज मला फारसा आठवत नाही. आठवतात ते मजल्यावरून धावत आलेले हात. आजीनं निळ्या शाईची दौत ओतली. शेजारच्या काकूंनी पेस्ट लावली. कुणी तूप आणलं, कुणी कणीक लावा म्हणालं, कुणी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटायला बसलं. सगळ्यांच्या हातात काहीतरी होतं, रिकाम्या हातानं कुणी आलं नव्हतं. आजी मांडीवर घेऊन फुंकर घालत होती, अखंड. मग आईनं त्याला ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षातून नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. मी बाहेर पायरीवर बसले होते. डॉक्टरांनी आधी ते सगळं काढलं. शाई, पेस्ट, तूप, एकावर एक बसलेले थर, ओल्या कापसानं, चिमट्यानं. काढल्याशिवाय खाली किती भाजलंय ते दिसत नव्हतं. तो तेव्हा जो ओरडला तो आवाज मला आठवतो. आजी माझ्या शेजारी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

पिंपात त्या वेळी दोन हंडे पाणी होतं. प्यायचं पाणी. सकाळपर्यंत पुरवायचं होतं. ते त्याच्यावर ओतावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्या आईच्याही नाही, आणि तिच्याइतका जीव त्याच्यावर कुणाचा होता? मी हे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलंय. आजीला आम्ही नंतर फार बोललो. शिकलेली नव्हती म्हणून, शाई लावली म्हणून. आता मला वाटतं, ज्या घरात संध्याकाळी नळाला पाणीच नाही, त्या घरात भाजलेल्याला द्यायला उरतं काय? दौत, डबा, वाटी. पाणी वाहू देणं हा उपाय वाहतं पाणी असलेल्यांना सुचणार. आजीनं जे हाताशी होतं ते दिलं आणि ते चुकीचं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एकही सोडता येत नाही. माझ्या घरात मात्र नळाला पाणी होतं, आणि मी तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटावर फोड आले. एक मोठा, पारदर्शक, आवळ्याएवढा, बाजूला दोन लहान. ते फोडायचे नाहीत, आतलं पाणी आणि वरची पातळ कातडी हेच त्याचं पांघरूण, हे भाचीनं बजावलं होतं. रात्री आम्ही स्वच्छ धुतलेलं मऊ सुती कापड सैलसर झाकलं होतं. कापूस नाही, त्याचे तंतू चिकटतात. डॉक्टरकडे नेणं भागच होतं. सांध्यावर भाजलंय, वय आहे, त्यांना साखर आहे. यातलं एकही कारण पुरेसं आहे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा नाजूक जागा असेल, लहान मूल असेल, वीज किंवा रसायनानं भाजलं असेल, तर डाग केवढा आहे याचा विचार करत घरी बसायचं नाही. एरवी मोजायला माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट. तो अंगाच्या साधारण १ टक्का असतो. सासूबाईंचं त्याहून थोडं कमी भरलं.

आमच्या सेक्टरमधल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि विचारलं, "कसं भाजलं?"

साधा प्रश्न. पण मी एकदम गप्प झाले. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रात एक ठरलेली बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. चार ओळींची. आई ती वाचून पेपर घडी घालून बाजूला ठेवायची आणि बराच वेळ काही बोलायची नाही. सगळ्यांना कळायचं की सगळेच स्टोव्ह आपोआप भडकत नाहीत. १९८३ साली कायद्यात ४९८ अ कलम आलं, ते अशा छळलेल्या आणि जाळलेल्या सुनांच्या मागून आलं. माझ्या लग्नात सगळे रडत असताना आईनं माझ्या कानात एकच सांगितलं होतं, नायलॉनची साडी नेसून गॅसपाशी उभी राहू नकोस. आपल्याकडे सासू, सून आणि भाजणं हे तीन शब्द जवळ आले की हवा बदलते. इथं उलटं होतं, सासू भाजलेली आणि सून शेजारी बसलेली, तरी बदलली. डॉक्टरीणबाई सहज विचारत होत्या, त्यांना विचारायलाच हवं, पण त्यांनी सासूबाईंकडे बघून विचारलं, माझ्याकडे नाही. सासूबाईंना ते कळलं. "माझ्या हातून पातेलं निसटलं," त्या म्हणाल्या. "हिनं वीस मिनिटं हात धरून बसवलं मला पाण्याखाली. मीच उठत होते." त्या उठत नव्हत्या. नळ बंद केल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, न चिकटणारी जाळीदार पट्टी आली, वर गॉज, वर सैल बँडेज. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची, नाहीतर आखडतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. आग वाढली, पू दिसला, वास आला, ताप आला तर लगेच यायचं.

त्या पंधरा दिवसांत भाची एकदा येऊन गेली. बँडेज बदलताना सासूबाईंनी तिला खोदून विचारलं की मग आमची औषधं सगळी खोटीच का गं. तिनं सांगितलेलं मला फार आवडलं. आपल्याच मुंबईत, डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर बांधायला सुरुवात केली होती, १९८५ साली त्यावर त्यांचा शोधनिबंध आला. पुढे सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी करून पाहिली, तो अभ्यास २००३ सालचा. साल काय आणि पान काय, जखम ओलसर ठेवतं, चिकटत नाही, काढताना पेशंट ओरडत नाही, आणि गरिबाला परवडतं. सासूबाई ऐकत राहिल्या. "केळीचं पान," एवढंच म्हणाल्या, दोनदा. मग भाचीनं त्यांना नीट समजावलं की ते पान परसातून तोडून लावायचं नव्हे, ते दवाखान्यात वाफेनं निर्जंतुक करून तयार केलेलं, आणि आधी २० मिनिटं पाणी, मग बाकी सगळं. मला मात्र चिमट्यानं शाई काढणारे नौपाड्याचे डॉक्टर आठवत होते. काढताना ओरडत नाही. हे कुणाला तरी महत्त्वाचं वाटलं होतं.

आमच्या ऐरोलीतच नॅशनल बर्न्स सेंटर आहे. बाजारात जाता-येता ती इमारत दिसते. मी तिथून जाताना आजवर दुसरीकडे बघत आले. आत जे असतं त्याच्यापुढे आमचं मनगट म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं, आणि त्याच जाणिवेनं हे लिहायला संकोचही वाटत होता. तिथं त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा देता येते, मांडीची, पाठीची, अगदी पातळ पापुद्रा काढतात, रक्तगट जुळावा लागत नाही. नानांनी हे कुठंसं वाचून ठेवलं होतं. ते एका संध्याकाळी म्हणाले, आपण दोघं फॉर्म भरू या का? सासूबाईंनी बँडेजच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी ही बाजू सोडून घ्या म्हणावं." अजून भरलेला नाही. विषय मात्र बंद झालेला नाही.

दोन आठवड्यांनी पट्टी सुटली. खाली नवी कातडी, गुलाबी, लहान बाळाच्या टाचेसारखी, चकचकीत. तिला खाज सुटते आणि ऊन सोसत नाही. अंगठ्याच्या बुडाशी एक जागा, नाण्याएवढी, जरा उशिरा भरली आणि तिथं डाग राहणार असं दिसतंय. ती जागा नेमकी कशामुळे, हे कुणी सांगू शकणार नाही. चहाची धार तिथं जास्त पडली असेल. मी ती जागा रोज बघते.

बांगड्या अजून डाव्या हातातच आहेत, दोन्ही हातांच्या. नव्या कातडीला काच टोचते म्हणून. सकाळी त्या पोळ्या लाटतात तेव्हा आवाज एकाच बाजूनं येतो, दाट, आणि उजवा हात मुक्यानं पोळी फिरवतो. पातेलं मी भंगारात दिलं. त्यांनी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी नव्या पातेल्याच्या काठावरून बोट फिरवून बघताना मी त्यांना पाहिलं.

परवा राखीला भाऊ आला होता. जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, तुला ते भाजणं आठवतं का रे? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तो जरा वेळ गप्प बसला. "आजीच्या तोंडाला मशेरीचा वास यायचा, ताई," म्हणाला. "रात्रभर फुंकर घालत होती. मला तेवढंच आठवतं." मी त्याला सांगितलं नाही की भाजल्यावर फुंकर घालू नये, तोंडातले जंतू जखमेवर जातात. भाचीनं सांगितलंय, खरं आहे, माझ्या मुलाला मी ते शिकवणारच आहे. त्याला नाही सांगितलं.

त्या दिवशी भरलेल्या तीन बादल्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एक लिटरचं माप धारेखाली धरून मी नंतर पाहिलं. २० सेकंदांत भरलं. म्हणजे मिनिटाला तीन लिटर, २० मिनिटांत ६०. वीस लिटरच्या तीन बादल्या बरोबर भरल्या होत्या. चाळीतले चार हंडे. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी एक बादली कुंड्यांना घालायला लावली, दुसरीत दुसऱ्या दिवशीचे कपडे भिजवले. वाढलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा पहिल्या बादलीच्या तळाशी सापडला, तो त्यांनी तुळशीत ठेवला. तिसरी बादली तशीच राहिली. मी दोन दिवसांनी ती ओतायला गेले तर म्हणाल्या, "असू दे तिथं."

असेल एखादा दिवस, म्हणून सोडून दिलं. पण ती बादली गेली नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पाय लागणार नाही अशी, फळी झाकून ठेवलेली असते. रोज सकाळी नळाला पाणी आलं की त्या आदल्या दिवशीचं पाणी फरशीला वापरतात आणि ताजं भरतात. मी एकदा म्हटलं, आई, चोवीस तास टाकी आहे की वर. त्या म्हणाल्या, "आहे ना. आणि नेमकी नसली त्या दिवशी? कुणाचा हात पोळला तर काय करशील, नळ उघडून बघत बसशील?" आणि फळीवर तांब्या पालथा घातला.